तगरीवरचे पाहुणे

आमच्या परसात उंदीर झाले आहेत, असा शोध आमच्या सौ.ला लागला तो २०२३ च्या नवरात्रात, दुसऱ्या माळेच्या दिवशी. पुरावा बिनतोड होता. मागच्या अंगणातल्या तगरीखाली, नुकत्याच झाडलेल्या फरशीवर, मिरीच्या दाण्याएवढ्या काळपट हिरव्या लेंड्या पडल्या होत्या. संध्याकाळी झाडून काढाव्यात, तो सकाळी पुन्हा हजर. मी पडलो सेवानिवृत्त शिक्षक. पुराव्यापुढे मान तुकवायची हे चौतीस वर्षे मुलांना शिकवलेले. मुकाट्याने माळ्यावरचा पिंजरा काढला, त्यात भाकरीचा तुकडा अडकवला आणि तगरीखाली ठेवून दिला. दोन रात्री गेल्या. तुकडा वाळून कडक झाला, उंदीर काही आला नाही, आणि पिंजऱ्याच्या टपावरसुद्धा लेंड्या पडलेल्या दिसल्या.

कोडे सोडवले ते नातीने. ती चौथीत आहे, आणि चौथीतल्या मुलांना कसलीही किळस नसते. तिने एक लेंडी उचलून तळहातावर ठेवली आणि निरखून पाहिली. "आबा, हिला लांब लांब खाचा आहेत. सहा. आणि पिंजऱ्याच्या वर पडली म्हणजे वरूनच पडली ना?"

आम्ही दोघांनी माना वर केल्या. तरी दिसेना. तगरीची पाने, त्यांचे देठ, देठांच्या सावल्या, सगळे हिरव्यात हिरवे. आणि मग एका डहाळीवरचे एक 'पान' हळूच पुढे सरकले. ते एकदा दिसल्यावर मात्र दुसरे दिसले, तिसरे दिसले. अर्ध्या बोटाएवढ्या नऊ हिरव्यागार अळ्या, प्रत्येकीच्या शेपटाकडे एक पिवळसर शिंग, कुशीवरून पांढरी रेघ आणि रेघेभोवती साखर सांडल्यासारखे पांढरे ठिपके. नातीने एकीला काडीने जरा डिवचले मात्र, तिने डोके आत ओढून घेतले, मानेकडचा भाग फुगवला आणि तिथे दोन मोठे निळे डोळे उघडले! पांढऱ्या कडेचे, निळेशार, आमच्याकडे रोखलेले. नात दोन पावले मागे आली. खोटे कशाला सांगू, मीही आलो. ते डोळे खरे नसतात, नुसते रंगवलेले असतात, हे मला मागाहून कळले.

ही अळी एका मोठ्या पतंगाची. कार्ल लिनियसने १७५८ साली त्याचे नाव नोंदले ते कण्हेरीवरून; आज शास्त्रज्ञ त्याला डॅफ्निस नेरी म्हणतात, आणि नेरी म्हणजे कण्हेरीचा. ज्या कण्हेरीला गुरे तोंड लावत नाहीत, ती ही अळी आवडीने खाते. कण्हेर नसेल तर तिच्याच कुळातली चिकाची तगर तिला चालते. तुमच्या दारात तगर असेल तर तुमच्याकडेही हे पाहुणे येऊन गेले असतील; तुम्ही पिंजरा लावला असेल, एवढेच.

इथपर्यंत सारे मजेचे होते. पण ती तगर कोणाची, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

ती तगर आईची. घर बांधले तेव्हा, १९७१ साली, बाबांनी लावलेली. आईचे वय आज शहाऐंशीच्या पुढे आहे आणि काचबिंदूने तिची नजर जवळजवळ नेली आहे. माणसे तिला आवाजावरून कळतात, भाज्या हाताला कळतात. फक्त पांढरे तेवढे अजून तिला अंधुक दिसते. म्हणून पहाटे उठून, भिंतीला हात लावत, ती तगरीपाशी जाते आणि पानांच्या काळोखात उमटलेले पांढरे ठिपके एकेक करून खुडते. जास्वंद तिला दिसत नाही, झेंडू दिसत नाही. देवासाठी स्वतःच्या हाताने काही करावे असे तिच्यापाशी एवढेच उरले आहे.

त्यातून त्या वर्षी बागेवर मोठे संकट येऊन गेले होते. २२ सप्टेंबरला घरी महालक्ष्म्या जेवल्या (पुण्याकडे त्यांना गौरी म्हणतात) आणि त्याच रात्री आभाळ फाटले. २३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. ज्या नदीला आम्ही नागपूरकर वर्षभर नाला म्हणून हिणवतो, तिने एका पहाटेत आपण नदी असल्याचे बजावले. कितीतरी घरांत कमरेच्या वर पाणी चढले. आमचे घर थोडे उंचावर. अंगणातच गुडघाभर पाणी राहिले. पण ते ओसरले तेव्हा गुलबक्षी, शेवंतीच्या कुंड्या, आईची तुळससुद्धा गाळाखाली गेलेली. उभी राहिली ती एक तगर. पंधरा दिवसांत तिने कोवळी पोपटी पालवी फोडली, कळ्या धरल्या. आई म्हणाली, "चला, घटाची सोय झाली. नऊ माळा निघतील."

आणि त्याच कोवळ्या पालवीवर कुठल्याशा रात्री एक पतंग मादी येऊन अंडी घालून गेली होती.

चौथ्या माळेच्या सकाळी आई परडी घेऊन आत आली ती रिकामी. "कळ्या कुठं गेल्या रे? शेंडे बोडके लागून राहिले हाताला." मी घाबरत घाबरत अळ्यांची बातमी सांगितली. आईने एकच विचारले, "किती आहेत?" नऊ, म्हणालो. "नऊ माळा आणि नऊ अळ्या. देवीनं चांगला हिशेब मांडला! काढून टाक त्या. राखेत टाक."

नातीने भोकाड पसरले. सौ. आईच्या बाजूची, अळी म्हटले की तिच्या अंगावर काटा येतो. घरातल्या मधल्या पिढीच्या पुरुषाचे अशा वेळी जे होते तेच माझे झाले. शेवटी तडजोड निघाली: अळ्या झाडावरून काढायच्या, पण मारायच्या नाहीत, त्या नातीने खोक्यात पाळायच्या, आणि आईच्या तगरीचे एक पानही त्यांना द्यायचे नाही.

बुटांचे मोठे खोके आले. त्याला वर मच्छरदाणीचे कापड, तळाला जुने वर्तमानपत्र. डहाळ्या पाण्याच्या बाटलीत उभ्या करायच्या आणि बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा घालायचा, नाहीतर अळ्या खाली उतरून पाण्यात बुडतात. रोज लेंड्या झाडायच्या, रोज पाला बदलायचा, पाला तोडल्यावर चिकाचे हात धुवायचे. लिहायला सोपे आहे. पण नऊ अळ्यांना रोज किती पाला लागतो, याची कल्पना घरात नऊ पाहुणे उतरल्याशिवाय यायची नाही. सकाळी भरलेली डहाळी संध्याकाळी नुसती काडी. आणि त्या वाढतात तरी किती! कात टाकावी की दुप्पट. आठवडाभरात माझ्या मधल्या बोटाएवढ्या लांब आणि अंगठ्याएवढ्या जाड झाल्या.

नात मला प्रश्न विचारी आणि मी पुस्तके धुंडाळी. त्यात मला मारिया सिबिला मेरियन भेटली. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टची ही मुलगी. १६६० साली, वयाच्या तेराव्या वर्षी तिने घरात रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. चिखलातून, कुजक्या मांसातून किडे आपोआप जन्मतात असे तेव्हा शहाणीसुरती माणसेही मानत. ही पोर अंडे, अळी, कोश, पतंग हे सारे डोळ्यांनी पाही आणि चितारून ठेवी. पुढे बावन्नाव्या वर्षी धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, आणि तिथल्या किड्यांचे तिचे चित्रमय पुस्तक १७०५ साली निघाले. नातीला हे सांगितले तर ती म्हणाली, "तिच्या पणजीनं तिला पानं दिली असतील."

पाल्यासाठी मी पहाटे पिशवी घेऊन निघू लागलो. लोक पहाटे दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुले चोरतात; मी पाने चोरू लागलो. पाचव्या दिवशी जवळच्याच एका बंगल्याच्या कुंपणाची तगर सापडली. दाट, टवटवीत, एका पानाला भोक नाही. ते भोक का नाही, हा प्रश्न चौतीस वर्षे शिकवलेल्या माणसाला पडायला हवा होता. मी पिशवी भरून आणली. दुपारी चार अळ्या डहाळीवरून खाली पडलेल्या, अंग आक्रसलेले, तोंडातून हिरवे पाणी आलेले. संध्याकाळपर्यंत चारही गेल्या. कुंपणावर औषध फवारलेले होते.

नात रडली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले. उरलेल्या पाच अळ्या त्या वेळी जुन्याच काड्यांवर होत्या म्हणून वाचल्या, नाहीतर माझ्या हाताने सगळ्याच संपल्या असत्या. चार मेलेल्या तिने गुलबक्षीच्या गाळलेल्या वाफ्यात पुरल्या आणि वर चार खडे ठेवले. त्या रात्री तिने आईजवळ झोपायचा हट्ट धरला, आणि खोकेही सोबत नेले.

पुढचे मला दाराआडून ऐकू आले. दिवे मालवले होते. नजर गेलेल्या माणसाचे कान लांबवरचे ऐकतात. आई म्हणाली, "हे काय वाजतंय कुर्र कुर्र?"

"त्या खातात, पणजी."

बराच वेळ काही बोलणे नाही. मग आई सांगू लागली. तिचे माहेर भंडारा जिल्ह्यातले, मोहाडीच्या बाजूचे. जवळच्या आंधळगावात कोष्ट्यांचे माग, कोशाच्या साड्या निघत. लहानपणी वडिलांबरोबर ती रानात गेलेली, ऐनाच्या झाडांवर ढिवर लोक कोशाच्या अळ्या पाळत तिथे. कोशाचा किडा घरात ठेवत नाहीत, तो रानातच, झाडावरच वाढतो. पाळणारे झाडाखाली खोपटी घालून राहत. दिवसभर कावळ्यांवर गोफण, रात्री राखण. "आणि सगळी झाडं अशीच वाजत होती. मला वाटलं पाऊस येऊन राहिला. वर पाहिलं तर आभाळ कोरडं. बाबा म्हणाले, पाऊस नाही बेटा, जेवणं चाललीत."

नातीने विचारले, "मग त्यांचे पतंग झाले?"

"थोड्यांचे. बियाण्यापुरते. बाकीचे कोश उकळत."

"आतल्या अळीसकट?"

"आतल्यासकट. भोक पडलं तर धागा तुटतो ना."

"मग तुझं ते पिवळं सोवळं?"

आईचे सोवळे कोशाचे आहे. विदर्भातल्या पुष्कळ जुन्या घरांत असेच. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली ती साडी, तिच्या लग्नातली, बाकी सर्व कपड्यांहून पवित्र. तिला कोणी शिवायचे नाही. मी दाराआड श्वास धरून उभा होतो.

"हो," आई म्हणाली. "तेही." आणि थोड्या वेळाने, "दे बरं एक माझ्या हातावर."

दसऱ्याच्या दिवशी, २४ तारखेला, घट उठले. आम्ही आपट्याची पाने घेऊन आईच्या पाया पडलो. ती उठली, भिंत धरत मागच्या अंगणात गेली, आणि तगरीची चांगली हातभर कोवळी डहाळी मोडून नातीच्या हातात दिली. "घे, सोनं. तुझ्या पोरींना दे. माळा संपल्या आता." पाच माळा झाल्या नव्हत्या, त्या दिवशी बाजारातल्या फुलांच्या घातल्या होत्या, त्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक डहाळी मोडली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "वरचा शेंडा माझ्या हाताला येत नाही, तो तू काढ."

कोजागिरीच्या दोन दिवस आधी खोक्यात आकांत झाला. हिरव्यागार अळ्या मातकट तपकिरी पडल्या, खाणे टाकले, आणि वेड लागल्यासारख्या खोक्यात गोल गोल धावू लागल्या. मी हाय खाल्ली. पुन्हा औषध भोवले असे वाटले. पण त्यांना हवी होती जमीन. तळाला वाळलेला पाला पसरताच त्या त्यात शिरल्या, दोनचार विरळ धाग्यांनी पाने जोडून आत निजल्या. २८ ऑक्टोबरला कोजागिरी, आणि नेमके त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. वेध लागलेले, त्यामुळे दूध आटवायचे की नाही यावर सौ.चा आणि शेजारणींचा खल चालला होता. इकडे नात विजेरी घेऊन पाल्यात डोकावत होती. एका अळीची कातडी पाठीवर उकलली आणि आतून ओला, फिकट कोश वळवळत बाहेर आला. तासाभरात तो वाळून खारकेसारखा दिसू लागला. ग्रहण कोणी पाहिले नाही.

मग वाट पाहणे. या दिवसांविषयी सांगण्यासारखे काही नाही. एक कोश काळा पडला. दुसऱ्यातून एके सकाळी पतंगाऐवजी राखी, केसाळ माश्या निघाल्या. माशीने अळीच्या अंगावर केव्हाच अंडी घातली होती आणि तिची पोरे तिला आतून खात होती. नातीने हे मेरियनसारखे वहीत काढून ठेवले. उरले तीन.

धनत्रयोदशीच्या पहाटे पहिला निघाला. केवढा देखणा! हाताच्या पंज्याएवढा पसरलेला, शेवाळी हिरवा, त्यावर गुलाबी आणि पांढरे वळसे. आपल्या मराठी कवितेने पतंगाला दिव्यावर मरण्याखेरीज दुसरे कामच दिलेले नाही. २०१५ साली महाराष्ट्राने एका फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू केले, देशात पहिल्यांदा. पतंगाची मात्र कोणी चौकशी केली नाही. असो. संध्याकाळी आम्ही त्याला हौसेने अंगणात सोडला. तो उठला आणि थेट आमच्या आकाशकंदिलावर गेला. धडका देत राहिला. आम्ही दिवा मालवेपर्यंत तो कुठे पडला ते दिसले नाही. सकाळी कंदिलाखाली चार पंख होते, आणि भिंतीवर एक तृप्त पाल.

कविता खरी ठरली याचा मला फार राग आला.

उरलेले दोन निघाले ते १२ नोव्हेंबरच्या पहाटे. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते. आम्ही अभ्यंगस्नानाला उठलो तो खोक्याच्या कापडाला दोघे लटकलेले. दिवसभर ते हलले नाहीत. संध्याकाळी पूजा झाली. आई कोसा नेसली होतीच. अंगणभर पणत्या, कठड्यावर विजेच्या माळा, शेजारी फटाके. नात म्हणाली, "आज सोडले तर मरतील."

"आणि नाही सोडले तर?" आईने विचारले.

"पंख फाटतील खोक्यात."

आई विचार करू लागली. मग म्हणाली, "मागचे सगळे दिवे घालवा."

सौ.चा चेहरा उतरला. "आई, लक्ष्मीपूजनाच्या रात्री? घरात काळोख?"

"पुढचे राहू देत ना. लक्ष्मी पुढच्या दारानं येते. मागच्या दारी कोण येऊन राहिलं?"

साडेअकराला फटाके जरा थांबले. मी मागच्या माळा बंद केल्या, नातीने पणत्या एकेक करून विझवल्या, सौ.ने स्वतः स्वयंपाकघराचा दिवा मालवला आणि खिडकीला चादर लावली. पहिला पतंग खोके उघडताच गेला, दिसलाही नाही. दुसरा काडीवरच बसून राहिला. नातीने तो आईच्या तळहातावर ठेवला.

"कसा आहे गं दिसायला?"

"पणजी, हिरव्या शालूवर कोणी गुलाबी रंग सांडला ना, तसा."

तेवढ्यात तो थरथरू लागला. उडण्याआधी हे पतंग पंख फडफडवून छातीचे स्नायू तापवतात. मोटार सुरू करून ठेवावी तसे. आईने हात चेहऱ्याजवळ नेला. तिच्या कपाळावरचे पांढरे केस त्या वाऱ्याने हलत होते. "ऊन लागून राहिला," ती म्हणाली. "तापलाय चांगला." थरथर वाढली, घुमल्यासारखा आवाज आला, आणि तो गेला. तगरीकडे गेला की भिंतीपलीकडे, आम्हाला कोणालाच कळले नाही. काळोखात सगळे सारखेच आंधळे होतो.

आई तळहात तसाच उघडा धरून बसली होती.

"हात गार पडला," ती म्हणाली. मग, "आता दिवे लावा."